पन्नास वेळा पॉइंट पाच

३ मार्च

ती. आत्या आणि ताई, दोघींना नमस्कार.

सुखरूप पोचलो. निघताना आत्याने बजावलं होतं की आठ दिवस जेवणाचं टेबल अडवून काय दिवे लावलेस ते मला कळेल असं लिहून पाठव, फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तुम्ही बहीणभाऊ भांडता. तेव्हा हे पत्र तिच्यासाठी आहे. ताई, तू मोठ्याने वाचून दाखव आणि मध्ये स्वतःचं काही घालू नकोस.

तर आत्या, ऐक. कॉलनीच्या पाण्यात क्लोरीन सोडावं लागतं. ते पिंपातून टाकीत सोडतो एक छोटा पंप. आजवर भाऊजी त्याची चावी हाताने कमीजास्त करायचे, आता ते काम कॉम्प्युटर करणार. पंपाबरोबर त्याच्या कंपनीने एक फाईल दिली आहे, तिला लायब्ररी म्हणतात. ती बंद पेटी असते. आत काय आहे ते कंपनी दाखवत नाही, नुसती आतल्या कामांची नावं सांगते: पंप सुरू कर, पंप थांबव, पाण्यात क्लोरीन किती ते सांग. माझी स्क्रिप्ट म्हणजे दोन पानांचा प्रोग्राम. ती स्वतः काडी इकडची तिकडे करत नाही. दर दहा मिनिटांनी नाव घेऊन हाक मारते, आणि ‘झालं’ असं उत्तर आलं की पुढे जाते. तू नाही का ओट्यापाशी उभी राहून ‘खिडकी लाव गं’ म्हणायचीस आणि भाजी चिरत राहायचीस, तसंच.

आता अडचण अशी की माझ्या सरावासाठी चारशे घरांचं पाणी चालू-बंद करता येत नाही. म्हणून तुमच्या टेबलावर बसून मी एक नकली लायब्ररी तयार केली. तेच नाव, त्याच नावाची कामं, पण आत काही नाही. काहीही सांगा, म्हणते झालं. क्लोरीन किती विचारा, म्हणते पॉइंट पाच, म्हणजे पाहिजे तेवढं. त्या नकलीवर चार दिवस स्क्रिप्ट चालवून चुका काढल्या, आणि काल दुपारी सगळं उचलून प्लांटवर नेऊन बसवलं. स्क्रीनवर आकडा आला पॉइंट पाच. भाऊजींनी पाठ थोपटली आणि मी गाडी पकडायला पळालो.

ताई, भाऊजींना सांग, आता क्लोरीन मोजायला नळीत पाणी घेऊन, गोळी टाकून गुलाबी रंग बघत बसायची गरज नाही. दिवसातून तीनदा ती कटकट कशाला? स्क्रीनवरचा आकडा उतरवला की काम झालं.

तुमचा,
शहाण्या

६ मार्च

चि. शहाण्या,

तुझं पत्र आत्याला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती कानामागे हात धरून ऐकत होती आणि हेडमास्तरीण होती तेव्हासारखी मध्येच थांबवून प्रश्न विचारत होती. शेवटी म्हणाली, कळलं, पण अक्षर बिघडलंय कार्ट्याचं. तुला शहाण्या हे नाव तिनेच ठेवलं, त्यामुळे तुझ्या शहाणपणाचं तिला कौतुक कमी आणि काळजी जास्त.

इकडे हे तुझ्यावर बेहद्द खूश आहेत. पूर्वी संध्याकाळची तपासणी उरकून घरी यायला साडेसात व्हायचे, आता सहाच्या ठोक्याला दारात हजर. गोळ्यांचा डबा प्लांटच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला म्हणाले. काल आत्याशी पत्ते खेळले आणि हरले. लग्नाला बावीस वर्षं झाली, हा माणूस दिवसाउजेडी घरात बसलेला मी आत्ता पाहतेय.

माझं काम मात्र तू काही कमी केलं नाहीस. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. साहेबांनी एकदा रजिस्टर टेबलावर आपटलं, तेव्हापासून हे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून आणतात, रविवारी मी ते रजिस्टरमध्ये उतरवते आणि हे खाली सही ठोकतात. त्याचाही एक प्रोग्राम कर बाबा.

आत्याने एक प्रश्न विचारलाय, जसाच्या तसा लिहिते. ‘नकली आणि खरी, दोघींचं नाव एकच. मग हाकेला कोण आली हे तुला इथून दिसणार कसं?’ उत्तर नीट दे, ती मार्क देणार आहे.

तुझं जर्किन आमच्या दारामागे लटकतंय. पुढच्या खेपेला ने.

ताई

९ मार्च

ताई,

आत्याला सांग, प्रश्न पैकीच्या पैकी मार्कांचा आहे. पण उत्तर सोपं आहे. खऱ्या पाण्याचा आकडा हलतो. सकाळी चारशे नळ एकदम सुटले की पॉइंट चार होतो, दुपारी पॉइंट सहा, कधी पॉइंट तीन. नकली बिचारी एवढी हुशार नाही, तिला मी एकच आकडा पढवलाय. तेव्हा आकडा हलतोय ना, एवढं बघितलं तरी पुरे.

एक खुशखबर. आमच्या ऑफिसात मी तुमच्या प्लांटचं सांगितलं. वरचे लोक म्हणाले की आणखी बारा ठिकाणी हेच बसवू, आणि त्या कामाचा प्रमुख मी. एवढी वर्षं दुसऱ्याच्या चुका निस्तरत बसलो, आता कुठे काहीतरी माझ्या नावावर उभं राहतंय. आत्याला मोठ्याने वाचून दाखव.

शहाण्या

१२ मार्च

चि. शहाण्या,

अभिनंदन. आत्याने पत्र हातात घेऊन ‘प्रमुख’ या शब्दावरून बोट फिरवलं. दुपारी शेजारणीला हाक मारून सांगितलंन.

तुझ्या प्रोग्रामचं कौतुक करावं तेवढं थोडं. काल रविवारी रजिस्टर उतरवायला बसले आणि पंधरा मिनिटांत उठले. पाणी इतकं एकसारखं ठेवलंयस की आकडा जराही इकडचा तिकडे नाही. यांच्या हाताने कधी पॉइंट तीन, कधी पॉइंट सात असायचं, साहेबांची बोलणी बसायची. आता साहेब स्वतः येऊन स्क्रीन बघून गेले. आणि क्लोरीनही किती कमी लागतं. पूर्वी आठवड्यात पिंप संपायचं, आता दहा दिवस झाले तरी भरलेलंच आहे. हे म्हणतात, मी एवढी वर्षं उगाच जास्त सोडत होतो वाटतं.

आत्याचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय, ते ती कधी नव्हे ते ऐकतेय.

ताई

२७ मार्च

चि. शहाण्या,

आत्याच्या खुर्चीत बसून लिहितेय. कोणाला वाचून दाखवायचं ते कळत नाही.

तू परवा आलास, एक दिवस राहिलास, कोणाशी बोलला नाहीस. तुझं दुःख मला दिसत होतं म्हणून मीही काही विचारलं नाही. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. तुझी आई तीच. एका गोष्टीचं समाधान आहे की त्याआधी एकोणीसला तू अचानक आलास आणि तिची तुझी भेट झाली. ती सतराला पडली, तुला कोणी कळवलंही नव्हतं. रक्ताच्या माणसाला आतून कळतं म्हणतात, ते खरं असावं.

त्या दिवशी ती तुझा हात धरून काहीतरी विचारत होती. मी पातेलं घेऊन दारात उभी होते. मला वाटलं तापात बरळतेय. तू मान हलवलीस, मग ती कुशीवर वळली. तुला मी पाणी आणून दिलं तर तू नको म्हणालास, पिशवीतून स्वतःची बाटली काढलीस. घसा बसलाय म्हणालास. आता बरा आहे का?

आता मुख्य गोष्ट. कॉलनीत सत्तर माणसं आजारी पडली, गेली ती एकटी आपली आत्या. डॉक्टर म्हणाले पाण्यातूनच झालं. नळ बंद आहेत, टँकर येतो. बाहेरून चौकशीसाठी एक बाई आल्या आहेत. त्यांनी बाविसाला कॉम्प्युटर तपासला, तर पंप अगदी व्यवस्थित चालतोय. जुन्या नोंदी मात्र त्यात नाहीत. म्हणून सगळे म्हणतात, यंत्र ठीक आहे, म्हणजे माणसानेच घात केला. यांनी पंप बंद ठेवला आणि घरी बसून आकडे लिहिले. बाईंनी विचारलं, या महिन्यात एकदा तरी गोळी टाकून पाहिलीत का? हे म्हणाले, नाही. खोटं बोलता येत नाही ना या माणसाला. त्याच दिवशी निलंबित केलं, आणि आता प्रकरण पोलिसांकडे द्यायचं चाललंय.

हे दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. आत्याला यांनीच खांद्यावर घालून जिना उतरवला होता. काल एवढंच म्हणाले, ‘माझ्या सहीखाली तिचा जीव गेला.’

तू चौकशीला लिही. स्क्रीनवर आकडा येत होता, यांनी मनाने रचला नाही, एवढं तुझ्यासारख्या माणसाने सांगितलं तरी फार होईल.

ताई

४ एप्रिल

ताई,

पत्राला उशीर झाला, कामाचा डोंगर आहे.

भाऊजींबद्दल वाचून वाईट वाटलं. पण चौकशीला मी लिहिणं बरोबर दिसणार नाही. मी त्यांचा मेहुणा, ते म्हणतील घरातल्या घरात सारवासारव करतात. शिवाय तांत्रिक बाजू तुला समजणार नाही. स्क्रिप्ट फक्त हाक मारते. पंप चालणं, न चालणं, सेन्सर बिघडणं, हे सगळं तिच्या पलीकडचं आहे. त्यात दोष निघाला तर पंपाच्या कंपनीचा निघेल, आणि अशा कंपन्यांशी भांडण्यात आयुष्य जातं.

भाऊजींनी चौकशीत सांगावं की तपासणीच्या गोळ्या संपल्या होत्या. हाताची तपासणी बंद करा असं मी तर कधी म्हटलं नव्हतं, स्क्रीन ही जोडीला होती. आणि एकोणीस तारखेच्या दुपारपासून पाणी व्यवस्थित आहे, हा मुद्दा त्यांनी आवर्जून मांडावा. त्याने शिक्षा कमी होईल.

आत्याची आठवण रोज येते. तू स्वतःला जप. जे झालं ते उकरून ती परत येणार नाही.

शहाण्या

८ एप्रिल

शहाण्या,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. आत्या असती तर एका वाचनात बोट ठेवलं असतं.

पहिली गोष्ट. तीन मार्चचं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. ‘गोळी टाकून गुलाबी रंग बघत बसायची गरज नाही. स्क्रीनवरचा आकडा उतरवला की काम झालं.’ हे तुझंच अक्षर आहे, बिघडलेलं.

दुसरी. एकोणीसच्या दुपारपासून पाणी ठीक झालं हे तुला कोणी सांगितलं? मी नाही लिहिलं. मलाच माहीत नव्हतं. चौकशीलाही माहीत नाही, कारण रजिस्टर त्यांनी नेलं त्यात अठरा तारखेपर्यंतचंच आहे. त्यानंतरच्या रविवारी घरात आत्या नव्हती, मी कुठली नक्कल करायला बसतेय? चिठ्ठ्या यांच्या शर्टाच्या खिशातच राहिल्या होत्या. तुझं पत्र आलं तेव्हा त्या काढून बघितल्या. एकोणीसला सकाळी पॉइंट पाच. दुपारी पॉइंट दोन. संध्याकाळी पॉइंट चार. वीसला पॉइंट सहा, पॉइंट पाच, पॉइंट तीन.

एकोणीसला सकाळी अकराला तू यांच्याबरोबर प्लांटवर गेलास. जर्किन राहिलंय म्हणालास. हे बाहेर तक्रारी घेऊन आलेल्या लोकांशी बोलत होते, तू आत एकटा होतास. येताना हात रिकामे होते. मी म्हटलं असेल कोणीतरी नेलं. अरे, तुझं जर्किन आमच्या दारामागे होतं. मीच तुला सहा तारखेला लिहिलं होतं. अजून तिथेच आहे.

तू प्लांटवर काय केलंस ते लिही. मला तांत्रिक बाजू समजत नाही, तेव्हा आत्याला लिहायचास तसं लिही.

ताई

१४ एप्रिल

ताई,

ठीक आहे, लिहितो.

दोन तारखेला घाईत मी टेबलावरचा सगळा फोल्डर उचलून प्लांटच्या कॉम्प्युटरवर टाकला. त्यात स्क्रिप्ट होती आणि नकली लायब्ररीही होती. ती काढायची विसरलो. खरी लायब्ररी कंपनीने दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवलेली होती. स्क्रिप्ट हाक मारते तेव्हा आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये बघते. त्या नावाचं कोणी तिथे सापडलं की पुढे जातच नाही. सतरा दिवस ती नकलीलाच सांगत राहिली, पंप सुरू कर, आणि नकली म्हणत राहिली झालं. खरीला कोणी हाक मारलीच नाही. पंप एकदाही फिरला नाही. पिंप भरलेलं राहिलं ते म्हणून.

तुझं बाराचं पत्र मला पंधराला मिळालं. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून वाचत होतो. ‘जराही इकडचा तिकडे नाही’ वाचलं तेव्हाच कळलं, पिंपाचं वाचायच्या आधी. फोन खिशात होता. भाऊजींना फोन केला असता तर त्यांनी आधी चावी फिरवली असती आणि मग सरळ जाऊन साहेबांना सांगितलं असतं, तुला माहीत आहे ते कसे आहेत. साहेबांनी माझ्या ऑफिसला कळवलं असतं. बारा प्लांटचं काम दुसऱ्या दिवशी सह्यांना जाणार होतं. मला वाटलं चार दिवसांनी काय होणार आहे. पाणी काही गटारातून येत नाही. सुट्टी मिळेल तेव्हा गुपचूप जाऊन फाईल काढू, कोणाला कळणारही नाही. एकोणीसला आलो तेव्हा जिन्यातच शेजारणीने सांगितलं की आत्या आजारी आहे.

नकली फाईल पुसली. जुन्या नोंदीही पुसल्या. त्यामुळे भाऊजींवर येईल हे तेव्हा डोक्यात आलं नाही, आणि नंतर आलं तेव्हा उशीर झाला होता.

तू मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन. पण एक गोष्ट विचारात घे. पंधराला फोन केला असता तरी आत्या वाचली असती असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती आधीच ते पाणी प्यायली असणार. आणि चौकशीला सगळं सांगायचं तर सगळंच निघेल. रजिस्टरवर अक्षर तुझं आहे, भाऊजींचं नाही. सरकारी नोंद घरी बसून बायकोने लिहिली, हे कळल्यावर भाऊजींची नोकरी तर जाईलच, तुलाही उभं करतील. मी बुडून तुम्ही वर येणार असाल तर मी तयार आहे, पण इथे तिघेही बुडतो. त्यापेक्षा भाऊजींनी निष्काळजीपणा कबूल करावा, पहिली चूक म्हणून सोडतील. तुमचं सगळं मी बघेन, शेवटपर्यंत. शपथ घेऊन सांगतो.

आत्याने काय विचारलं ते तुला कळलं नव्हतं ना? तिने विचारलं, ‘आकडा हलतोय का रे?’ मी अर्ध्या तासापूर्वीच फाईल काढून आलो होतो. मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं, ताई.

शहाण्या

२० एप्रिल

शहाण्या,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. एकदाच. शेवटी म्हणाले, ‘पाच मिनिटांचं काम होतं. त्याने सांगितलं असतं तर मी चावी हाताने फिरवली असती आणि म्हटलं असतं मीच विसरलो होतो.’ एवढं बोलून उठून गेले. लक्षात येतंय का तुझ्या? ज्या माणसाच्या खरेपणाला घाबरून तू फोन केला नाहीस, तो तुझ्यासाठी खोटं बोलला असता. यांना खोटं बोलता येत नाही असं मीही लिहिलं होतं. आपण दोघांनीही या माणसाला ओळखलं नाही.

आत्या वाचली असती की नाही, मला माहीत नाही. सोळाला ती त्याच नळाचं पाणी प्यायली एवढं माहीत आहे. डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलं होतं म्हणून मी तासातासाला तांब्या भरून नेऊन देत होते. आणि एकोणीसला तू माझ्या घरात बसून स्वतःची बाटली तोंडाला लावलीस, आणि माझ्या हातात तोच तांब्या होता. तू म्हणाला नाहीस, ताई, हे पाणी तिला देऊ नकोस. उकळून दे, एवढंही नाही. फाईल काढल्यावर टाकीतलं पाणी काही त्या क्षणाला शुद्ध होत नाही, हे तुला माहीत होतं म्हणून तर तू बाटली आणलीस. मी संध्याकाळपर्यंत तिला त्यातलंच पाजलं. तुझा घसा बसलाय म्हणून मला वाईट वाटत होतं.

आता तुझा हिशेबी मुद्दा. रजिस्टरवर अक्षर माझं आहे, खरं आहे. पण तू मला भीती घालायला जे लिहिलंस, ते मी तुझ्या पत्राच्या आधीपासून रोज मोजतेय. दोन तारखेच्या दुपारपासून अठराच्या संध्याकाळपर्यंत पन्नास नोंदी होतात. पन्नास वेळा मी माझ्या हाताने पॉइंट पाच लिहिलं, ओळीखाली ओळ, सुबक अक्षरात. आणि तुझं नऊ तारखेचं पत्र मीच आत्याला वाचून दाखवलं होतं, खऱ्या पाण्याचा आकडा हलतो म्हणून. ते ऐकून ती मला म्हणाली होती, ‘मग रविवारी उतरवताना बघत जा गं.’ मी हो म्हटलं. नंतर मी बसले आणि काम पटकन उरकलं याचा मला आनंद झाला, तो तुला पत्राने कळवला. यांनी गोळी टाकली नाही, मी बघितलं नाही. पण आम्हाला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. एवढाच फरक आहे, आणि तो मी कोणाला पुसू देणार नाही.

काल मी चौकशीच्या बाईंकडे गेले. तुझी पत्रं नेली. तीन मार्चचं, नऊ मार्चचं, चार एप्रिलचं, चौदा एप्रिलचं. यांच्या खिशातल्या चिठ्ठ्या नेल्या. दारामागचं जर्किनही नेलं. बाईंनी सगळं शांतपणे वाचलं. मग रजिस्टर उघडून विचारलं, हे अक्षर कोणाचं? मी म्हटलं, माझं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. माझं बारा तारखेचं पत्र तुझ्याकडे आहे. ते फाडून टाकलंस तरी चालेल, त्यात काय होतं ते मी जबानीत जसंच्या तसं सांगितलंय, पिंपासकट.

यांची नोकरी वाचेल असं नाही. बाई म्हणाल्या, दोष तिघांवरही येईल, कोणावर किती ते वरचे ठरवतील. हे म्हणाले, येऊ दे. उद्या तुझ्या ऑफिसात पत्र जाईल. त्या बारा ठिकाणी तुझी स्क्रिप्ट बसली असेल तर आधी तिथले फोल्डर उघडून बघ. तेवढं तरी आज कर, सुट्टीची वाट बघू नकोस.

तू मला लहानपणापासून ओळखतोस, तेव्हा मी रागाच्या भरात लिहितेय असं समजू नकोस. राग पंधरा दिवसांपूर्वी होता. आता मला तुझी किळस येते, आणि तुझ्या कपाळाला हात लावून बघावं असंही वाटतं, आणि या दोन्हीचं काय करायचं ते मला समजत नाही. इकडे येऊ नकोस. पत्रही पाठवू नकोस. आपण पत्रं जिच्यासाठी लिहीत होतो ती आता नाही.

आणि तिला तू खोटं बोलला नाहीस, असं तू लिहिलंयस. तिने आकड्याचं विचारलंच नव्हतं रे. आजारी पडल्यावर सगळं ओळखूनही तिने तुला खरं सांगायची एक संधी दिली होती, शाळेत द्यायची तशी. तू मान हलवलीस आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी दारात उभी होते, मी पाहिलंय.

नळ आता सुरू झालेत. यांनी कपाटातला गोळ्यांचा डबा घरी आणलाय. तपासायला आता यांना कोणी सांगितलेलं नाही, तरी सकाळी पाणी आलं की नळी धरतात, गोळी टाकतात. रंग मी जुळवून बघते, आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते, आत्याच्या पेन्सिलीने. परवा पॉइंट चार होता. काल पॉइंट सहा. आज पॉइंट तीन.

हलतोय.

ताई